सत्तेचाळीसचा हिरवा दिवा

सोमवार, ३

तू तिथे नक्की करतेस तरी काय? आईने फोनवर तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मला धड सांगता आलं नाही. म्हणे घरातली पहिली पदवीधर! शेवटी म्हटलं, महामार्गाच्या कडेला कॅमेरे असतात, सूचनाफलक असतात, मदतीचे फोन असतात, त्या सगळ्यांच्या तारा जिथे एकत्र येतात तिथे मी बसते. मागून बाबा ओरडले, अगं, आयुष्यभर मी ट्रक हाकला, आता पोरगी रस्ताच हाकते म्हण की! माझं नेमणूकपत्र त्यांनी ट्रकच्या काचेला आतून चिकटवलंय.

केंद्र म्हणजे एकेचाळिसाव्या किलोमीटरवरची दोन खोल्यांची बसकी इमारत. एका खोलीत यंत्रांची कपाटं आणि हुडहुडी भरेल असा एसी. दुसरीत माझं टेबल, सहा पडदे, रस्त्याकडची मोठी खिडकी आणि भिंतीवर दिव्यांचं पॅनेल. दर किलोमीटरला एक फोन, प्रत्येक फोनला एक दिवा. हिरवा म्हणजे लाइन ठीक, लाल म्हणजे बिघाड, लुकलुकला म्हणजे पलीकडे कोणीतरी आहे. सकाळी आठला कंपनीची गाडी सोडते, संध्याकाळी सहाला न्यायला येते. काम शिकवायला एक जुने तंत्रज्ञ आलेत, सगळे त्यांना काका म्हणतात.

भिंतीवरचा एक नियम मला फार आवडला. मदत पोहोचेपर्यंत फोन ठेवायचा नाही. वहीच्या पहिल्या पानावर मी तो उतरवून घेतला.

बुधवार, ५

आज काका गेले. निघताना म्हणाले, इथे बोलायला माणूस मिळत नाही. यंत्रांशी बोलायला लागलीस तरी हरकत नाही, फक्त ती उत्तरं द्यायला लागली की मला कळव. आणि स्वतःच हसले.

दिवसभरात एकही फोन नाही. आता प्रत्येकाच्या खिशात फोन असतो. खिडकीसमोरून हजारो गाड्या जातात, एकही माणूस इकडे बघत नाही. डबा खाताना मी एखादी गाडी निवडते आणि तिला एका कॅमेऱ्यातून दुसऱ्या कॅमेऱ्यात पोहोचवते, पाहुण्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला जावं तशी. शेवटच्या पडद्यातून ती गेली की उगीच वाईट वाटतं.

शुक्रवार, ७

सत्तेचाळीसचा दिवा हिरवा आहे, पण कॅमेऱ्यात तिथे फोनच नाही. नुसता सिमेंटचा चौथरा आणि चार गंजके बोल्ट. कपाट उघडून पाहिलं, तर त्या लाइनची दोन्ही टोकं बोटभर वायरीने एकमेकांना जोडलेली. सिग्नल इथूनच निघतो, इथूनच परत येतो, आणि पॅनेलला वाटतं की पलीकडे सगळं आलबेल.

काकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, त्याला आम्ही गाठ म्हणतो. फोन बिघडला की नवा येईपर्यंत मारायची, म्हणजे लाल दिसत नाही आणि साहेब ओरडत नाहीत. सगळेच मारतात. तू मात्र तिला हात लावू नकोस.

पहिला पगार हातात यायच्या आधीच खोट्यावर सही करायची? मी गाठ काढली. दिवा लाल व्हायला हवा होता. तो लुकलुकायला लागला.

शनिवार, ८

काल मी फोन उचलला नाही. लिहायलाही लाज वाटते.

आज दुपारी साडेबाराला पुन्हा लुकलुकला. उचलला. शिकवल्याप्रमाणे म्हटलं, महामार्ग मदत केंद्र, आपण कुठून बोलताय? बाईचा आवाज होता, दमलेला. म्हणाली, गाडी उताराखाली गेलीय, पायाला लागलंय, कधीची फोन लावतेय, उचलत का नाही हो कोणी? कॅमेऱ्यात चौथरा, ऊन, वाळकं गवत. रुग्णवाहिका पाठवली. तिचा चालक परत फोन करून म्हणाला, ताई, गरिबाची फिरकी घेताय का, इथे चिटपाखरूही नाही.

मी फोन धरूनच होते. ती म्हणत होती, अजून कोणी आलं नाही हो.

सहाला कंपनीच्या गाडीने हॉर्न दिला. मी फोन ठेवला.

सोमवार, १०

काकांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, अकरा वर्षं झाली. सत्तेचाळीसचा फोन बिघडला होता आणि गाठ त्यांनीच मारली होती. त्या दुपारी एक गाडी उताराखाली गेली. आतली बाई सरपटत वर फोनपाशी आली. पॅनेलवर दिवसभर हिरवा. दुसऱ्या दिवशी सापडली तेव्हा रिसीव्हर हातातच होता. पुढे फोन काढून टाकला, पण गाठ सोडायची हिंमत कोणाला झाली नाही. पोरी, पाया पडतो तुझ्या, म्हणाले, परत मार ती गाठ.

मारली. सत्तेचाळीस हिरवा झाला.

पंचेचाळीस लुकलुकला.

मंगळवार, ११

आज चव्वेचाळीस. ती म्हणाली, तुम्ही ठेवलात ना, म्हणून चालत निघाले. कॅमेऱ्यात कोणी नाही. पण तिथला सूचनाफलक आपोआप पेटला — सावकाश जा, रस्त्यावर पादचारी. फलकाला ती दिसतेय. मला नाही.

बुधवार, १२

त्रेचाळीस. मग बेचाळीस, एकाच दिवसात. साहेबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, एकटेपणाने होतं असं, चार दिवस रजा घे. मी विचारलं, आणि इथे कोण बसणार? कोणीच नाही, म्हणाले.

आईचा फोन. जेवलीस का? हो म्हटलं. डबा तसाच —

गुरुवार, १३

एकेचाळीस. आपल्याच फाटकातला फोन. खिडकीतून दिसतोय, तीस पावलांवर. रिसीव्हर जागेवर आहे. तरी दिवा लुकलुकतोय.

उचलला. काही तक्रार नाही. म्हणाली, फार ऊन आहे हो, घोटभर पाणी मिळेल?

मदत पोहोचेपर्यंत ठेवायचा नाही. अकरा वर्षं कोणी पोहोचलं नाही. म्हटलं, आलेच.

निघताना सत्तेचाळीसची गाठ कापली. वायर टेबलावर टाकली. पाण्याची बाटली घेतली, ही वही घेतली.

आता फाटकात. इथे कोणी नाही. बाटली खाली ठेवून रिसीव्हर उचलला. म्हटलं, ताई, मी बाहेर आलेय, तुम्ही कुठे —

पलीकडून माझाच आवाज. महामार्ग मदत केंद्र, आपण कुठून बोलताय?

खिडकीत माझ्या खुर्चीवर कोणीतरी. पाठमोरी. केंद्राचं दार बंद.

मी सांगितलं, फाटकातून. आवाज म्हणाला, कॅमेऱ्यात तर कोणीच दिसत नाही.

सहा वाजले. गाडी आली, चालकाने हॉर्न दिला. मी हात हलवला. त्याने माझ्यातून आरपार पाहिलं —

ती उठली. टेबलावरची वायर उचलली. पाय ओढत कपाटांच्या खोलीत —

काचेतून पॅनेल दिसतंय. एकेचाळीस लुकलुकतोय. अजून लुकलुकतोय —

हिरवा झाला.

मी फोन ठेवलेला नाही. आई, मी फोन ठेव —