डाव्या चाकातलं लायनिंग

प्रभावती,

पावाचे उंडे डब्यात ठेवलेत. ब्रेक शू आणायला म्हापशाला जातोय, दुपारी येईन. तोवर गाडीचं उजवं चाक कुणाला उघडू देऊ नको. स्प्रिंगा कशा बसतात ते त्यात बघूनच डावं जोडायचं आहे.

डाव्या चाकाचा ड्रम काढून बघितला. ब्रेकचं तेल गळून सगळं आत पसरलंय, शूवरचं लायनिंग झिजून लोखंड उघडं पडलंय. अशी गाडी घेऊन काल तू चोर्ल्याचा अख्खा घाट उतरलीस! नुसत्या गिअरवर आणलीस ना गो? मागे बसलेली आई तर म्हणते, खाली साखळी गावापर्यंत तिला गाढ झोप लागली होती.

आणि मी दारातच विचारलं, इतका उशीर का.

बाबली