लुक्रेसियाचा बाप्तिस्मा

तीर्थरूप धर्मआई ब्राउलिया यांस,

दोन्ही हात जोडून तुमचा सिरियाको आशीर्वाद मागतो. गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी घालतात ना? (कोंबड्यांची चौकशी उगाच नाही, पण ते पुढे.) इकडे आम्ही सुखरूप आहोत. आम्ही म्हणजे मी आणि पालिकेच्या प्राणिबागेतली जनावरं. माणसांचं काही सांगवत नाही.

वादळात लुक्रेसियाचा पिंजरा आणि कॅपिबारांचं (त्या मेंढीएवढ्या घुशींचं) तळं यांच्यामधली भिंत पडली. लुक्रेसिया म्हणजे आपली प्यूमा, जिला मी बाटलीने दूध पाजून वाढवलं आणि जी आता दात गेल्यामुळे उकडलेल्या मांडिओका-कंदाच्या लगद्यात खिमा कालवल्याशिवाय तोंड लावत नाही. भिंतीसाठी आलेलं सिमेंट चौकातल्या नाचाच्या ओट्याला गेलं (ओटा छान झालाय, त्याला नावं ठेवणार नाही). म्हणून मी नगराध्यक्ष डॉन एव्हारिस्तोंकडे गेलो. ते तेरेरेचा गार काढा पीत बसले होते. म्हणाले, "भिंत कशाला रे? मोठ्या शहरांत शिकारी नि शिकार एकाच कुंपणात नांदतात म्हणे. आपण तर नातंच जोडून देऊ. पांचा कॅपिबारीला पिल्लं झालीत ना? लुक्रेसियाला कर त्यांची धर्मआई. धर्मआई कधी लेकरं खाते का?" खरंच आहे. तुम्ही मला खाण्याची धमकी आजवर एकदाच दिलीत, तीही मी डुकरीण शेतात सोडली तेव्हा.

अडले ते पाद्री फुल्हेन्सियो. त्यांचं म्हणणं, जिचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नाही ती दुसऱ्याची धर्मआई कशी होणार? जनावरांना बाप्तिस्मा चालतो का, हा प्रश्न त्यांना पडला नाही. नियम म्हणजे नियम. तेव्हा आधी लुक्रेसियाचा बाप्तिस्मा झाला. (तिलाही धर्मआई लागली. मी एक नाव सुचवलं. त्यावर नंतर येतो.) हार्प वाजली, चिपा-पाव वाटले, आणि पाद्रीबाबांनी झाडांवर औषध मारायच्या पंपाने लांबूनच पवित्र पाणी उडवलं. लुक्रेसियाने फक्त कान झटकले. मग पिल्लांचा बाप्तिस्मा झाला, आणि कुंपण एक झालं.

रविवारी सगळं गाव खुर्च्या आणि तेरेरेचे थर्मास घेऊन आलं. तोंडाने "किती गोड, किती गोड" चाललं होतं, पण पुढच्या रांगेसाठी जी झोंबाझोंबी झाली त्यावरून मनात काय होतं ते कळत होतं. लुक्रेसिया हळूहळू तळ्याकडे उतरली, तिने पिल्लांना हुंगलं, आणि पांचाने तिच्या ढुंगणाला असा कडकडून चावा घेतला की म्हातारी थेट पिंजऱ्याच्या छपरावर. परवापर्यंत ती तिथेच होती. पिल्लं मात्र नात्याला जागली. ती धर्मआईच्या गवतावर झोपू लागली, धर्मआईचा मांडिओका खाऊ लागली. खालून एक बाई ओरडली, "अगं उतर की, तुझीच लेकरं आहेत!" तिच्या शेजारची म्हणाली, "माझीही धर्मआई अशीच. देण्याघेण्याची वेळ आली की माळ्यावर!"

यात डॉन एव्हारिस्तोंची फार शोभा झाली. त्यांनी ठरवलं की चाकोच्या रानातून एक तरणाबांड, काम येणारा प्यूमा आणायचा, आणि लुक्रेसियात पेंढा भरून तिला पालिकेच्या दारात उभी करायची. मी म्हटलं, साहेब, ती अजून जिवंत आहे. ते म्हणाले, "हो, पण शुक्रवारपर्यंतच." धर्मआई, मला भयंकर राग आला. त्या मांजरीवर माझा जीव आहे. तुम्हाला सोडलं तर मला घरचं म्हणावं असं दुसरं कोणी नाही. पण रागावून उपयोग काय, म्हणून घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो.

असो. बाकी विशेष काही नाही. केवळ खुशाली कळवण्यासाठी लिहिलं.

तुमचाच,
सिरियाको

ता.क. मागच्या कोठाराचं दार नीट लागतं का?

ता.क. पत्र आणणाऱ्या ट्रकवाल्या आनास्तासियोला लगेच वाटेला लावू नका. त्याच्याजवळ एक मोठं खोकंही आहे. ते कोंबड्यांसमोर उघडू नका. कोंबड्यांना काही होणार नाही, पण ती घाबरते.

ता.क. गावात मी सांगितलंय की लुक्रेसियाला पांचाने खाल्लं. सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला. येत्या रविवारी आणखी खुर्च्या येणार आहेत.

ता.क. बाप्तिस्म्याला सुचवलेलं नाव तुमचं होतं. तुमच्या वतीने मेणबत्ती मीच धरली. तेव्हा ती आता तुमची रीतसर धर्मलेक आहे. तिला हात जोडता येत नाहीत, पण ती पायाशी डोकं ठेवेल. त्यालाच नमस्कार समजून आशीर्वाद द्या. आई गेली तेव्हा मीही असाच एका ट्रकमधून तुमच्या दारात उतरलो होतो, आणि तुम्ही काही न विचारता आधी वाटीत मांडिओका कालवला होता. तिलाही तसाच लागतो, मऊ.