तांबड्याच्या खुब्यावरचा डाग

बाबा, तुम्हाला लिहायचं मी कित्येक वर्षं पुढे ढकलतोय. मला एका जागी बसवत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. मध्ये नाशिकला टेम्पो चालवला, मग गोव्यात एका हॉटेलात होतो, तिथला मालक म्हणजे... ते असो. आता मोहन्याला घरी आलोय, कारण आपला तांबड्या बैल चार दिवस झाले उठलेला नाही. तुम्ही गेलात तेव्हा तो पाडा होता. मग शर्यती पळला, म्हातारा झाला, आणि आता मागचे पाय टेकवत नाही.

गुरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं देऊन हात टेकले आणि एका बाईंना पाठवलं. घोडबंदर रोडच्या टॉवरांमधल्या कुत्र्यांना अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचणाऱ्या डॉक्टर. मला तेव्हाच संशय आला. बैलासाठी कोण एवढं ट्रॅफिक तुडवत येतं? व्हिडिओ काढून टाकायचा असेल. तिने तांबड्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून बोट पाठीवरून थेट मागच्या खुरापर्यंत नेलं. म्हणे ही वाट आहे, आणि वाटेवर ठरलेल्या जागा. "वाट तुंबली की दुखतं. आमच्या घोडबंदरसारखं," म्हणून हसलीसुद्धा. मी नाही हसलो. वाट दिसतच नाही, तर कुठेही टोचून जागा म्हणता येईल ना? म्हणून सुया काढल्यावर मी गुपचूप त्या जागांवर चुन्याचे ठिपके दिले. काल ती आली, बघितलं आणि म्हणाली, "दादा, परीक्षाच घ्यायची तर पुसून घ्या ना." पुसले. तिने चाचपून सुया पुन्हा तिथेच घातल्या. संशय गेला म्हणता? छे. तिच्याही लक्षात असतीलच की.

मग तिचं बोट खुब्यावर थांबलं, तुम्ही दिलेल्या डागावर. आठवतं? पाडा लंगडतोय, तुम्ही तापून लाल झालेला विळा टेकवताय, मी त्याचा कान धरून बसलोय, केस जळल्याचा वास. "हंबरू दे रे, पाय मोकळा होतोय," तुम्ही म्हणताय.

"हा कुणी दिला?" डॉक्टरने विचारलं. "माझी मुख्य जागा नेमकी इथे आहे. कातडी मेलीय, सुई जातच नाही."

काका खदाखदा हसले, "मंग माज्या भावाला सुईबिगर जागा गावलीच की!"

 

आज काका दुसऱ्या खुब्यावर डाग द्यायचा म्हणतायत. अंगणात शेण्या पेटल्यात, विळा त्यात आहे. मी नको म्हणालो तर म्हणाले, "तुजा बा असता तर पयल्याच दिवशी दिला असता. नको तर तू उठव त्याला." मग मी ओट्यावर येऊन हे लिहीत बसलो. पाठवणार तरी कुठे. पण खरं सांगतो, ती बाई खोटी निघावी असंच मला सारखं वाटत होतं. ती खरी असेल तर तेव्हा तुम्ही त्याला नुसतंच जाळलंत.

थांबा, काका ओरडतायत. बाबा, तांबड्या अंगणात आलाय. दावं ओढत, वाकडातिकडा, पण चारही पाय टेकवत. सुईने उठला की विळ्याचा वास घेऊन, देव जाणे. मी निखाऱ्यांवर पाणी ओतायला चाललोय.