स्वरूपाताईच्या ऑपरेशनचे कागद

काळेवाडी,
१९ जानेवारी २०२५

प्रिय स्वरूपाताईस,
दीपमालाचा नमस्कार.

चाकणची खोली मानवली का? तिकडे थंडी जास्त असते म्हणे. काकू बऱ्या आहेत. तुझी सेकंड शिफ्ट असली की लेकीच्या जेवणाची काळजी करत बसतात, एवढंच. आपल्या गल्लीतला रस्ता पुन्हा खोदलाय, म्हणजे सगळं नेहमीसारखं आहे. माझा मेडिकल कोडिंगचा क्लासही चालू आहे. खरं तर फोनच करायचा, पण फोनवर माझ्याच्यानं बोलवणार नाही. म्हणून हे पत्र तिकडे निघालेल्या नवनाथदादाच्या हाती देतेय. सोबत तुझ्या ऑपरेशनचे कागद आहेत.

क्लासच्या सरांनी विम्यासाठी ऑपरेशनांचे कोड लिहायच्या सरावाला घरातले खरे कागद आणायला सांगितले, तेव्हा तू हे आपणहून काढून दिलेस. "घे, माझी गाठ तुझ्या तरी उपयोगी पडू दे," म्हणालीस.

ताई, रावेतच्या लोकांनी तुझं लग्न मोडताना पत्रिकेचं कारण सांगितलं ते खोटं आहे.

याद्या करायला ते आले, तेव्हा तू आत साडी नेसत होतीस. बाहेर सगळे तुझंच कौतुक करत होते. सुजितच्या आईंनी, रुक्मिणीबाईंनी, मला सहज विचारलं, "तू काय शिकतीस गं?" मला तेवढंच हवं होतं. मी सुरूच झाले. शब्दाच्या शेवटी 'एक्टमी' आलं की अवयव काढला, 'ओटमी' आलं की नुसता छेद दिला, 'प्लास्टी' म्हणजे दुरुस्ती. त्यांना काही उमगेना, म्हणून उदाहरण दिलं. म्हटलं, "उफोरेक्टमी म्हणजे ओव्हरी काढणं. आमच्या ताईचंच झालंय की." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मला मात्र वाटत होतं, काय छान समजावलं आपण.

पुढच्या आठवड्यात सरांनी सांगितलं की नुसतं ऑपरेशनचं नाव लिहून भागत नाही. डावीकडचं, उजवीकडचं की दोन्हीकडचं, हेही लिहायचं, नाहीतर विमा कंपनी कागद परत पाठवते. मी तिथेच तुझे कागद काढले. फक्त डावी काढली होती. उजवी चांगली आहे, असं स्वच्छ लिहिलेलं. तोवर तुझं लग्न मोडलं होतं आणि तू सामान घेऊन चाकणला गेली होतीस. तरी मी तोंड उघडलं नाही. घरात सगळे पत्रिका बघणाऱ्या गुरुजींना शिव्या देत होते, त्यात मीही दोन घातल्या.

परवा मन घट्ट करून रावेतला गेले. आपण चूक दुरुस्त करतोय, असं वाटेभर स्वतःला बजावत होते. रुक्मिणीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एक हाय न्हवं चांगली? लेकरं व्हतील?"

मी म्हटलं, "हो, नक्की."

नक्की म्हणणारी मी कोण? पण त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "मग आमची काय बी हरकत न्हाई. घिऊन या पोरीला." सुजित शेजारी मोबाइल बघत बसला होता. तोही हसला.

त्यांचा जिना उतरून रस्त्याला लागले. चुकीचं सांगितलं याची मला इतके दिवस लाज वाटत होती. बरोबर सांगून आल्यावर जास्तच वाटली. जे तुझं तू सांगायचं की नाही हे ठरवणार होतीस, ते मी दोनदा त्यांच्यासमोर मांडलं, आणि एकदाही तुला विचारलं नाही.

येत्या रविवारी ते काकूंना फोन करणार आहेत. काकूंना यातलं काहीच माहीत नाही, त्या आनंदाने हुरळून जातील. त्याआधी तुला कळावं म्हणून ही घाई. तू हो म्हण, नाही म्हण, मी मध्ये येणार नाही. नाही म्हणालीस, तर काकूंना कारण मी सांगेन, आणि त्यात फक्त माझं वागणं सांगेन, तुझ्या शरीराबद्दल एक अक्षर नाही.

'माफ कर' असं लिहून खोडलं. आत्ताच तुझ्याकडे काही मागायचं, हेही बरं दिसत नाही.

तुझी बहीण म्हणवून घ्यायला आज न धजणारी,
दीपमाला