दोनशे चोवीस डिग्री

७ एप्रिल
नवी डायरी. आजपासून रोज लिहिणार. संकल्प तीन. एक, चारनंतर चहा बंद. दोन, 'वनस्पती तेलं व साबण यांची ज्वलनशीलता' हा माझा पेपर महिन्याभरात पूर्ण. तीन, बाबांचा माग अक्षय तृतीयेला सुरू.

तिसऱ्याबद्दल थोडं. आम्ही कोष्टी. बाबा अकरा वर्षांपूर्वी गेले तेव्हा आईसाठी विणायला घेतलेलं लुगडं मागावर अर्धवट राहिलं. अजून तसंच आहे, मागच्या खोलीत, चादरीखाली. दोन हात विणायचं बाकी. आई म्हणते, "तू माग सुरू करून दे, तेवढं मीच विणतो, मग नेसून मरायले मोकळी." ती अठ्ठ्याहत्तरची. अकरा वर्षं मी 'करू' म्हणतोय. यंदा करणारच.

८ एप्रिल, सायं. ५
चहा घेतला. आमच्या आग-तपासणीच्या लॅबमध्ये साबण कंपनीचा माणूस आला होता, नाही कसं म्हणणार.

११ एप्रिल
कंपनीची सॅम्पल्स तपासली. करंज, एरंडी, जवस. काम सोपं वाटतं, पण त्याला तयार नजर लागते. कपात तेल तापवत न्यायचं, वरून बारीक ज्योत फिरवायची. ज्या डिग्रीला वाफ भप्पकन पेटते तो फ्लॅश पॉइंट. जवसाचा आला दोनशे चोवीस. 'एवढ्या तापमानाला नागपूरचा मे महिनासुद्धा पोचत नाही' हे वाक्य पेपरमध्ये घालणार. असिस्टंट मोनालीला वाचून दाखवलं. हसली नाही. पोरगी हुशार आहे, विनोद कळत नाही.

१३ एप्रिल, रविवार
साबण पेटत नाही हे बायकोला, धनश्रीला, घरीच सिद्ध करून दाखवलं. तव्यावर वडी ठेवली, गॅस मोठा केला. पेटली नाही. फेस उतू जाऊन शेगडीत गेला, घरभर धूर झाला आणि तिचा माहेरचा तवा कामातून गेला. प्रयोग यशस्वी. धनश्री बोलत नाहीये.

१८ एप्रिल
पेपरचं शीर्षक पक्कं. आता फॉन्ट. माग उद्यापासून.

२४ एप्रिल
माग उघडला. लाकूड पार वाळलंय, भेगा पडल्यात. लुगडं मात्र शाबूत. आईला आता धड दिसत नाही, तिने बोटांनीच चाचपलं. एका जागी थांबली. म्हणाली, "इथून तुह्या बापाचा हात सैल झाला, पाह्य." मला काही फरक कळला नाही. हो म्हणालो. नवऱ्याचं दुखणं तिला कापडावरून कळत होतं, आणि मी त्या वर्षी प्रमोशनच्या मागे होतो.

लाकडाला जवसाचं तेल पाजायचं ठरवलं. बाबाही तेच लावायचे. तेलघाणीवरून पाच लिटर आणलं. त्यातलं वाटीभर आईने चटणीवर घ्यायला आधीच काढून ठेवलं.

२८ एप्रिल
मोनालीला मागाचं सांगितलं. तिचे वडील आनंदराव फर्निचर पॉलिशचं काम करतात. ती म्हणाली, सर, बाबा तेलाच्या चिंध्यांचा कधी ढीग करत नाहीत. एकेक तारेवर वाळत घालतात, नाहीतर बादलीत बुडवतात. म्हणतात, त्या आपोआप पेटतात. मी तिच्यासमोर रजिस्टर उघडलं. दोनशे चोवीस. कारागिरांचे समज असतात, आपण टेस्टवर चालायचं असतं. ती 'हो सर' म्हणाली आणि कामाला लागली. या पिढीची काळजी वाटते.

२९ एप्रिल, दु. १२
झालं! सकाळी सहापासून घासत होतो. लाकूड असं चमकतंय की बाबांनी पाहायला हवं होतं. आई दारात बसून मागाचा धोटा पदराने पुसत होती, पुन्हा पुन्हा. उद्या बाबांच्या नावाची घागर भरून झाली की ती मागावर बसणार. चिंध्या वीसेक झाल्या. वास येतो म्हणून घट्ट बोळा करून खोक्यात कोंबल्या आणि मागाखालच्या पाय सोडायच्या खड्ड्यात ठेवल्या. उद्या टाकीन. बाहेर चव्वेचाळीस. आई झोपली आहे. मी आणि धनश्री कळमन्याच्या बाजारात आंबे आणायला निघालो. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम वेळेआधी झालं.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
माग जळला. लुगडं जळलं.

काल चारला परतलो तर गल्लीत माणसं. शेजारच्या सुशीलने पाइप लावून आग विझवली होती. आई त्याच्या ओट्यावर बसलेली. लुगडं ओढून काढायला ती आत शिरली होती. दोन्ही तळवे भाजले. मुठीत काठाचा वीतभर तुकडा होता, तो नर्सला सोडवावा लागला. डॉक्टर म्हणतात, बोटं पहिल्यासारखी वळणार नाहीत.

आई सगळ्यांना सांगते आहे, मीच मागापुढे दिवा लावला, तो कलंडला. शक्य आहे. वय झालं. मी तिला रागावलो नाही. मोठं मन ठेवलं.

रात्रीची नोंद: दिवा देव्हाऱ्यातच आहे. वात नवी, न लावलेली.

२ मे
तेच तेल, तशाच चिंध्या, पत्र्याच्या डब्यात कोंबून लॅबच्या गच्चीवर ठेवल्या. मध्ये थर्मामीटर. अकराला त्रेचाळीस. एकला एकाहत्तर. दोनला एकशे तीस. अडीचला धूर. मोनालीने बादली ओतली. मग रजिस्टरमध्ये वेळ लिहून घेतली. 'मी म्हटलं होतं, सर' म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तेल पुन्हा कपात तपासलं. दोनशे चोवीस. आकडा बरोबर आहे, पण तो वरून फिरवलेल्या ज्योतीचा; कोंबलेल्या चिंध्यांत तेल वाळताना आपणच तापत जातं. मी चुकलो.

३ मे
आईला उद्या सांगणार.

४ मे
रविवार. भेटायला पाहुणे. त्यांच्यासमोर कसं सांगणार? उद्या नक्की.

५ मे
तिला ताप होता. चहा चार वेळा.

६ मे
सांगितलं. जेवायच्या आधी, एका दमात. चिंध्या, खोकं, मोनालीने सांगितलेलं, सगळं.

आई म्हणाली, "मले मालूम हाय. जाग आली तवा तेलाचाच वास होता."

मग दिव्याचं काहून सांगितलं, मी विचारलं.

"तू आगीचा सायेब हायस गा. लोक हासले असते तुले."

मी रडलो. त्रेपन्नाव्या वर्षी, तिच्यासमोर, आवाज करून. माझे डोळे पुसायला तिने हात उचलला आणि पट्टी आठवून परत खाली ठेवला.

मग तिला भूक लागली. ज्वारीची भाकर, चटणी, आणि वर ते वाटीत काढलेलं जवसाचं तेल हवं म्हणाली. मी म्हटलं, आई, ते नको. ती म्हणाली, तेलाचा काय दोष? मी कालवून भरवलं. तिने सगळं खाल्लं. माझी बोटं तेलकट झाली होती, ती फडक्याला पुसली. फडकं अंगणातल्या तारेवर नीट पसरून वाळत घातलं.