गलबतातलं घोंगडं

म्हसवडच्या आमच्या मालकांस बनाबाईचा दुरून नमस्कार.

आवं, मी सुखरूप हाय. गुडघ्याला तेल लावता का? पत्र आपली नात अपेक्षाच लिहितीया, तवा तिची गाऱ्हाणी जपून सांगते.

अपेक्षाला ही जोखमीची नोकरी सोडवून घरी घेऊन ये, म्हणून तुमी मला कोकणात धाडलंत. हितं नव्या बंदराचा गाळ काढताना जुनं गलबत सापडलंय. त्यातल्या वस्तू काढायला पोरगी रोज समुद्राच्या तळाशी जाती.

काल तिनं आणलेला काळ्या कापडाचा तुकडा टबात भिजत हुता. घोंगडं कुजंल म्हणून मी वाळत घालाया उचललं.

"आज्जी, ठेव! वाळलं की भुगा व्हईल!"

तिचे साहेब पळत आले. त्यांना ते शिडाचं कापड वाटलं हुतं. म्हटलं, "साहेब, जन्मभर लोकर कातलीया. ही मेंढीचीच."

कुणीतरी आपल्यातलंच, मेंढरामागचं माणूस ते पांघरून निघालं असंल. त्याला वर काढायला आपली पोरगी नको, तर कोण?

तवा तिला आणत न्हाई. खुशाल रागवा. ती बुडी मारती तवर मी धक्क्यावर बसते. तिचं डोकं पाण्यावर दिसल्याबिगर भाकरी गिळत न्हाई.

एवढं लिहून पोरगी थांबलीया बघा. अंगठा लावते.

तुमची,
बनाबाई