सहाव्या बोटाचं काम

४ जाने. ७४
सुमीला घेऊन दवाखान्यात. डाव्या पायाचं सहावं बोट चपलेत घासून पुन्हा लाल. तिथल्या सिस्टर पिलारने मलम लावलं. स्पेनहून येऊन आठ वर्षं झाली, मराठी झकास बोलते, पण लहान मूल दिसलं की गडी आपल्या मुलखात. पाय म्हणजे पिएसितो, बोट म्हणजे देदितो. शब्दाशब्दाला 'इतो'चं शेपूट. म्हणाली, हे शेपूट नुसतं लहान म्हणून नाही, लाडकं म्हणूनही लावतात. डॉक्टरांचं तेच टुमणं, शाळेचे बूट यायच्या आत बोट काढून टाका.

९ जाने.
सिस्टर बोटं धरून त्यांच्याकडचं गाणं म्हणते, एकेका बोटाला एकेक काम. सुमीला वेड लागलंय. मी आपलं भिवंडीचं केलं. करंगळीने सुताची कांडी भरली, दुसऱ्याने माग चालवला, तिसऱ्याने घडी घातली, चौथ्याने बाजारात नेलं, आंगठेबुवांनी आयता सदरा घालून मिरवला. स्वतःवर खूश.

१५ जाने.
डाव्या पायालाही मी करंगळीपासूनच सुरू करते, म्हणजे तिच्या बाहेरचं ते सहावं राहतं. आज सुमीने हात धरला. "आई, ह्याचं काय काम?"
इतके दिवस गाळत होते आणि कळलंही नाही. फार लाज वाटली.

१६ जाने.
सगळ्यांना विचारून झालं. शेजारची रुबीनाची अम्मी, घरचे चार माग, तिचं उत्तर तयार, "वो तो मालिक है. मालिक काम नहीं करता, बैठता है." सासूबाई अंजूरहून आल्यात. "लक्षुमी हाय ती. कापायचं नाव काढू न्हाय." हे पेपरात डोकं घालून हसतात. सिस्टर म्हणाली, सगळ्यात लहान म्हणून त्याला दोन शेपटं, देदितीतो. पण तिच्या गाण्यातही जागा पाचच.

२१ जाने.
पोळ्या लाटताना सुचलं. सहाव्याने तुटलेला धागा सांधला! सुमी आता तेच बोट आधी पुढे करते. संध्याकाळी उजव्या पायाचा धागा कोण सांधणार म्हणून रडारड. काम देऊन मीच पंचाईत करून ठेवली.

२ फेब्रु.
ठाण्याला, सर्जनकडे. म्हणाले, किरकोळ काम आहे, पण ठेवलं तर बूट जन्मभर घासणार. ह्यांनी संमतीचा कागद माझ्यापुढे सरकवला. "तूच ठरव. चपला तूच घालतेस तिला." डॉक्टरांनी गमतीने सुमीलाच विचारलं, कुठलं काढू? तिने बराच विचार केला आणि आंगठा पुढे केला. "हा काहीच करत नाही."
सगळे हसले, मीही. मग चप्पल चढवताना ती कळवळली, बोट आज चांगलंच सुजलेलं.
सही केली नाही. नाही म्हणूनही सांगितलं नाही. ह्यांना म्हटलं, सोमवारी सांगते. बसमध्ये पोरगी मांडीवर पाय टाकून गाढ झोपली. सोमवारी काय सांगणार, कुणास ठाऊक. मोठी झाल्यावर जाब तर मलाच विचारेल, काढलं तरी आणि ठेवलं तरी.